मसाजसाठी आलेला सुजलेला हात: फिजिओथेरपी क्लिनिकमधील एक प्रकरण

फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मसाजची वेळ स्वतंत्रपणे नोंदवता येते आणि ती नोंदवणारे बहुतेक लोक मान, पाठ किंवा खांदा आखडला म्हणून आलेले असतात. त्यांच्या बाबतीत नेमकी विचारपूस आणि जुजबी तपासणी झाली की काम सुरू करता येते. थोड्या रुग्णांच्या बाबतीत मात्र त्यांनी जे मागितले आहे तेच त्यांना अपाय करू शकते, आणि ते ओळखण्याची संधी पहिल्या दहा मिनिटांतच असते. पुढील प्रकरण अशा रुग्णाचे आहे. ते प्रातिनिधिक आहे: स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर हाताला सूज येणाऱ्या स्त्रियांमध्ये जे वारंवार आढळते त्यावरून ते रचले आहे, आणि त्यातील मापे त्या अवस्थेला साजेशी घेतली आहेत.

मागणी काय होती

बावन्न वर्षांच्या एका शिक्षिकेने डाव्या खांद्यासाठी आणि दंडासाठी तासभराचा ‘डीप टिश्यू’ मसाज नोंदवला. हात जड वाटतो, दिवस मावळेपर्यंत ओढल्यासारखा होतो, खांदा पूर्वीसारखा वर जात नाही आणि कोणीतरी तो चांगला जोर लावून मोकळा करावा, असे त्यांचे म्हणणे होते. क्लिनिकच्या अर्जात ‘पूर्वीच्या शस्त्रक्रिया’ असा रकाना होता. तेथे त्यांनी तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाल्याचे एका ओळीत लिहिले होते. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या होत्या आणि त्यानंतर रेडिएशन घेतले होते, हे विचारल्यावर कळले. त्यांनी ते लपवले नव्हते. बरे होऊन तीन वर्षे उलटल्यानंतर आजच्या जड हाताचा त्या उपचारांशी संबंध असेल असे त्यांना वाटलेच नव्हते.

मसाज थेरपिस्टने टेबल तयार असतानाही हात लावला नाही आणि फिजिओथेरपिस्टला बोलावले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो वरिष्ठाने नव्हे तर रुग्णाला प्रथम भेटणाऱ्या व्यक्तीने घेतला. दोन्ही सेवा एका छताखाली असल्याचा खरा उपयोग येथे दिसतो. शंका आल्यावर रुग्णाला परत पाठवावे लागत नाही, आणि शंका बाजूला सारून ठरलेला तास पूर्ण करण्याचा मोहही उरत नाही.

थांबण्याचे कारण शरीररचनेत आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून ऊतींमध्ये जो द्रव झिरपतो त्यातील शिल्लक पाणी, आणि मुख्यतः प्रथिने, परत रक्ताकडे नेण्याचे काम लसिकावाहिन्या करतात; त्यांतून वाहणारा द्रव म्हणजे लसिका (लिम्फ). हाताची आणि त्या बाजूच्या छातीची बहुतांश लसिका काखेतील ग्रंथींमधून पुढे जाते. तेथील ग्रंथी काढल्या आणि वर रेडिएशनमुळे ऊती घट्ट झाल्या, तर वहनाची क्षमता कायमची घटते. हात काही महिने, कधी काही वर्षे, उरलेल्या क्षमतेवर निभावून नेतो. नंतर एखाद्या किरकोळ संसर्गाने, वाढलेल्या वजनाने किंवा उघड कारणाशिवायही सूज दिसू लागते. तिला लिम्फीडीमा म्हणतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार काखेतील ग्रंथी पूर्णपणे काढलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के, तर केवळ पहारेकरी ग्रंथी (कर्करोग पसरल्यास तो सर्वप्रथम जिच्यात पोचण्याची शक्यता असते ती) तपासणीसाठी काढलेल्या स्त्रियांमध्ये सुमारे ६ टक्के होते. अशा हातावर खोल, जोरकस मसाज केला तर तेथील रक्तप्रवाह वाढून झिरपणारा द्रव वाढतो आणि त्वचेलगतच्या नाजूक लसिकावाहिन्यांना इजा होऊ शकते. म्हणजे ज्या हाताचा निचरा आधीच अपुरा आहे, त्याच्यावर आणखी भार पडतो.

तपासणी

दोन्ही हातांचा घेर मनगटापासून वर दर ४ सेंटीमीटरवर मोजण्यात आला. लागोपाठच्या दोन घेरांमधील भाग म्हणजे टोक कापलेला शंकू असे धरून प्रत्येक भागाचे आकारमान काढता येते, आणि त्यांची बेरीज केली की हाताचे एकूण आकारमान मिळते. उजवा हात २,२५० मिलिलीटर भरला आणि डावा २,६१०. फरक ३६० मिलिलीटरचा, म्हणजे १६ टक्के होता. साधारणपणे २०० मिलिलीटर किंवा १० टक्के फरक निदानासाठी पुरेसा धरतात. त्यातही या बाई उजव्या हाताने काम करणाऱ्या होत्या. वापरातला हात मुळातच किंचित मोठा असतो, त्यामुळे डाव्या हातातील खरी वाढ मोजलेल्या फरकाहूनही थोडी अधिकच असणार होती.

बोटाने दाबल्यावर खळगा पडत होता, पण पुढच्या बाजूच्या तुलनेत हाताच्या आतल्या बाजूला ऊती काहीशा निबर लागत होत्या. बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमूट सहज धरता येत नव्हती. या खुणेला स्टेमर चिन्ह म्हणतात. हात रात्रभर उशीवर ठेवूनही सकाळी सूज पूर्णपणे उतरत नसे. या सर्वांवरून लिम्फीडीमाची दुसरी अवस्था ठरत होती, जिच्यात नुसते हात उंच ठेवणे पुरत नाही.

खांद्याची तक्रारही खरी होती. हात समोरून १३० अंशांपर्यंतच वर जात होता, छातीचे स्नायू आखडले होते, काखेतील व्रण खालच्या ऊतींना चिकटला होता आणि मानेच्या डाव्या बाजूचे स्नायू ताठरले होते. जड हात दिवसभर पेलताना मान आणि खांदा यांच्यावर ताण येतो, तेव्हा ‘मोकळे करून हवे आहे’ ही रुग्णाची भावना चुकीची नव्हती. लिम्फीडीमा सापडला म्हणून मूळ दुखणे बाजूला सारायचे नाही, हे त्या दिवशीच्या नोंदीत स्पष्टपणे लिहिले गेले.

तरीही त्या दिवशी कोणताही उपचार सुरू झाला नाही. कर्करोगाचे उपचार घेतलेल्या हाताला नव्याने सूज आली तर तिची आणखी दोन कारणे संभवतात: आजार काखेत पुन्हा उद्भवणे, किंवा खोल शिरेत रक्ताची गुठळी होणे. दोन्हींचा निर्णय फिजिओथेरपिस्टच्या हाताने लागत नाही. त्यामुळे मापांसह पत्र देऊन रुग्णाला त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. मसाज मागायला आलेल्या व्यक्तीला हे ऐकवणे अवघड असते, कारण ‘पुन्हा तपासून घ्या’ एवढे शब्दच जुनी भीती जागी करतात. फिजिओथेरपिस्टने शक्यता कोणती अधिक आहे आणि तपासणी कशासाठी हवी आहे हे दोन्ही बसून सांगितले, आणि उत्तर येईपर्यंत काय करायचे तेही लिहून दिले: त्वचा कोरडी पडू द्यायची नाही, जखम झाल्यास लगेच धुवायची, हात लटकत ठेवायचा नाही, मूठ उघडझाप आणि कोपराची हालचाल चालू ठेवायची. काही दिवसांनी डॉपलर सोनोग्राफीचा आणि कर्करोगतज्ज्ञांच्या तपासणीचा अहवाल आला. गुठळी नव्हती, आजार परतल्याचे चिन्ह नव्हते आणि लिम्फीडीमाचे उपचार सुरू करण्यास संमती होती.

उपचार आणि त्यातील मसाजची जागा

लिम्फीडीमावरील सर्वमान्य उपचाराला चार अंगे आहेत: त्वचेची निगा, मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज नावाचा हलका मसाज, बँडेजने दाब देणे आणि व्यायाम. हा मसाज एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना विकसित केला आणि १९३६ साली पॅरिसमध्ये मांडला. पुढे जर्मनीतील मिखाएल आणि एथेल फ्योल्डी यांनी त्याला दाब, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्याशी जोडून एक सलग उपचारपद्धती घडवली. ती दोन टप्प्यांत चालते. पहिल्यात काही आठवडे जवळजवळ रोज उपचार करून सूज उतरवायची आणि दुसऱ्यात उतरलेली सूज रुग्णाने स्वतः सांभाळायची.

सत्राची सुरुवात सुजलेल्या हातापासून होत नाही. आधी मान, मग खोल श्वासाबरोबर पोट, मग निरोगी बाजूची काख आणि डाव्या बाजूची जांघ हलक्या हाताने मोकळी केली जाते. त्यानंतर छाती आणि पाठ यांवरून लसिका त्या दोन ठिकाणांकडे वळवली जाते. हाताची पाळी शेवटी येते, आणि तीही आधी दंड, मग कोपर, मग पंजा अशी. मुख्य रस्ता बंद असताना वाहने सोडण्याआधी शेजारचे रस्ते मोकळे करून घ्यावेत, तसा हा क्रम आहे. दाब एवढाच असतो की त्वचा सरकावी पण खालचा स्नायू दाबला जाऊ नये. लसिकेच्या सुरुवातीच्या नलिका त्वचेच्या लगेच खाली असतात आणि त्यांच्या भिंतींना बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींशी बांधलेले असते. त्वचा हळुवार ताणली की हे तंतू ओढले जातात, भिंतीतील फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. पुढील वाहिन्या स्वतःच्या लयीने आकुंचन पावत तो पुढे ढकलतात. ही लय मंद असते, म्हणून हातही मंद चालवावा लागतो. तेल वापरले जात नाही, कारण घसरणारा हात त्वचा ताणू शकत नाही.

दुसऱ्याच सत्रात रुग्णाने नाराजी बोलून दाखवली. हात नुसता फिरवल्यासारखा वाटतो, दाब लागतच नाही, यासाठी रोज यायचे का, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. थेरपिस्टने तेथे अधिक जोर लावून त्यांना खूश केले नाही. तिने त्यांच्याच हातावर त्वचा ताणून दाखवली, वरील कारण साध्या शब्दांत समजावले आणि ज्या भागाला खरोखर जोर हवा होता तो वेगळा काढून दिला. प्रत्येक सत्रातील काही वेळ मानेचे व निरोगी बाजूचे स्नायू नेहमीच्या मसाजाने सैल करण्यासाठी, आणि काही वेळ काखेतील व्रण व छातीचे स्नायू बेताच्या दाबाने हलते करण्यासाठी राखला गेला. रुग्णाची मागणी आणि रुग्णाची गरज यांची अशी वाटणी करता येणे हे मला या कामातील खरे कौशल्य वाटते. नुसता नकार दिला असता तर त्या दुसरीकडे जाऊन हवा तो मसाज करून घेण्याची शक्यता मोठी होती, आणि तेथे कदाचित कोणी थांबले नसते.

प्रत्येक सत्राच्या शेवटी हाताला बँडेज बांधले जात असे. आधी मऊ सुती बाही, मग बोटांना पातळ पट्टी, मग मनगटाच्या आणि कोपराच्या खाचा भरून काढणारे फोम व कापूस, आणि त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे थर. ही पट्टी नेहमीच्या लवचीक क्रेप बँडेजपेक्षा वेगळी असते. हात स्थिर असताना तिचा दाब कमी राहतो, पण स्नायू आकुंचन पावले की ती मागे सरत नाही आणि आतला दाब वाढतो. त्यामुळे बँडेज बांधून केलेली प्रत्येक हालचाल द्रव पुढे ढकलते. पट्टीचा ताण सर्वत्र सारखा ठेवला तरी मनगटाचा घेर लहान असल्याने तेथे दाब आपोआप जास्त आणि दंडापाशी कमी येतो. हवी असलेली उतरण अशी मिळते. मात्र हाताचा आकार दंडगोल व्हावा म्हणून आतील भरण नीट करावी लागते, नाहीतर खोलगट भागात दाब पोचत नाही आणि उंचवट्यावर पट्टी रुतते.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी माप अपेक्षेपेक्षा कमी उतरले. विचारल्यावर रुग्णाने सांगितले की दोन रात्री त्यांनी बँडेज सोडून ठेवले होते. बोटे जखडली जात, झोप लागत नसे आणि सकाळी आवरणे जमत नसे. या उत्तराला क्लिनिकने दोष मानले नाही. बोटांवरील थर पातळ केले गेले, घरच्यांपैकी एकाला बँडेज बांधायला शिकवले गेले, आणि मुंग्या आल्या किंवा बोटे निळसर झाली तर बँडेज सोडायचेच, पण केवळ अडचण वाटली तर आधी फोन करायचा, असे ठरले. दुसऱ्या आठवड्यापासून माप पुन्हा उतरू लागले. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डावा हात २,४१५ मिलिलीटरवर आला, म्हणजे जादा आकारमान ३६० वरून १६५ पर्यंत, निम्म्याहून अधिक घटले. खांदा १५० अंशांपर्यंत वर जाऊ लागला होता.

मसाज किती काळ द्यायचा

येथे क्लिनिकपुढे एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर मला महत्त्वाचे वाटते. रुग्णाला आता तो हलका मसाज आवडू लागला होता. सत्रानंतर हात हलका वाटे, झोप लागे, आणि आठवड्यातून दोनदा तो कायम चालू ठेवावा अशी त्यांची इच्छा होती. मसाज ही विकली जाणारी सेवा असल्याने ‘चालेल’ म्हणणे अगदी सोपे होते.

उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सांगत होता. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार स्तनाच्या कर्करोगानंतरच्या लिम्फीडीमात मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज सुरक्षित आहे, पण सूज उतरवण्याचे मोठे काम बँडेजच करते. एकट्या बँडेजने सूज सुमारे ३० ते ३९ टक्के उतरली होती आणि ड्रेनेज जोडल्याने त्यात आणखी सुमारे ७ टक्क्यांची भर पडली होती. ही भर निरुपयोगी नाही आणि सौम्य ते मध्यम सुजेत ती अधिक दिसण्याची शक्यता आहे; परंतु दाबाशिवाय नुसता मसाज घेत राहिल्याने सूज आटोक्यात राहील, असे म्हणण्यास तिचा आधार घेता येत नाही.

फिजिओथेरपिस्टने हे सर्व रुग्णाला जसेच्या तसे सांगितले. मसाजाने बरे वाटते हे खरे आहे आणि बरे वाटण्यासाठी कधीमधी तो घेण्यात काही गैर नाही, पण रोजचा वेळ आणि पैसा आधी स्लीव्ह (हाताला दाब देणारी घट्ट बाही), व्यायाम आणि त्वचेच्या निगेवर खर्च व्हावा, असा तो सल्ला होता. सत्रे नुसती थांबवण्याऐवजी स्वतःच करता येईल असा ड्रेनेजचा छोटा क्रम त्यांना शिकवण्यात आला: मान, विरुद्ध काख, जांघ आणि दंड, रोज पंधरा ते वीस मिनिटे. रुग्णाला शिकवून स्वतःच्या सेवेची गरज कमी करणे काही क्लिनिकना परवडत नाही असे ऐकू येते. माझ्या मते दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात याहून प्रामाणिक मार्ग नाही.

दाबाच्या स्लीव्हचे माप सूज स्थिरावल्यावरच घेतले गेले. आधी घेतले असते तर हात उतरताच ती सैल झाली असती. पंजावर सूज असल्याने बोटांपर्यंत येणारा हातमोजाही जोडावा लागला, कारण नुसत्या स्लीव्हने द्रव पंजात अडकून राहण्याचा धोका होता. स्लीव्ह दिवसभर घालायची आणि तिचा ताण कमी झाल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, बदलायची असे ठरले.

व्यायामाबाबत रुग्णाच्या मनात भीती होती. या हाताने जड काही उचलायचे नाही, असे त्यांना पूर्वी सांगितले गेले होते. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४१ स्त्रियांच्या चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. त्याच धर्तीवर स्लीव्ह घालून, अगदी हलक्या वजनापासून, आठवड्यातून दोनदा व्यायाम सुरू झाला.

चौथ्या महिन्यातील फोन

चौथ्या महिन्यात रुग्णाने फोन करून लवकरात लवकर ड्रेनेजची वेळ मागितली. हात एका रात्रीत सुजला होता. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला अशा वेळी विचारायचे प्रश्न लिहून दिलेले होते: हात लाल किंवा गरम आहे का, ताप किंवा थंडी आहे का, कुठे जखम झाली आहे का. तिन्ही उत्तरे ‘होय’ अशी आली. नखाजवळची कातडी ओरबाडली गेली होती. मसाजची वेळ दिली गेली नाही. रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवण्यात आले आणि त्वचेखालील ऊतींच्या संसर्गाचे निदान होऊन अँटिबायोटिक सुरू झाले. लसिकेचा निचरा कमी असलेल्या हातात असा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि त्या काळात ड्रेनेज केले जात नाही. दाबही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि हाताला सहन होईल तेव्हाच पुन्हा सुरू केला जातो.

संसर्ग ओसरल्यावर जादा आकारमान २३० मिलिलीटरपर्यंत चढलेले आढळले. एक आठवडा पुन्हा रोज ड्रेनेज आणि बँडेज करून ते १७० वर आणले गेले. या वेळी बँडेजचा त्रास त्यांनी तक्रार न करता सोसला, कारण बँडेज सोडल्यावर काय होते ते त्यांनी मापात पाहिले होते.

सहा महिन्यांनंतरच्या नोंदीत जादा आकारमान १५५ मिलिलीटर, म्हणजे सुमारे ७ टक्के आहे. खांदा १६० अंशांपर्यंत जातो. मान दुखणे बरेच कमी झाले आहे. त्यासाठी महिन्यातून एकदा मान आणि पाठ यांचा नेहमीचा मसाज त्या घेतात, डाव्या बाजूला मर्यादित दाबाने. आतल्या बाजूच्या निबर ऊती मात्र तशाच आहेत आणि त्या बँडेजने फारशा बदलतील अशी अपेक्षा नाही. दर सहा महिन्यांनी स्लीव्ह बदलताना मापे घ्यायची, फरक पुन्हा १० टक्क्यांपुढे गेल्यास एक छोटा सघन टप्पा करायचा, आणि संसर्ग वारंवार होऊ लागल्यास लसिकावाहिन्या शिरांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल शल्यविशारदाचे मत घ्यायचे, असे पुढील नियोजन रुग्णाशी बोलून नोंदवले आहे. क्लिनिकने मसाजच्या अर्जात ‘पूर्वीच्या शस्त्रक्रिया’ या रकान्याखाली एक स्वतंत्र प्रश्न जोडला आहे: काखेतील किंवा जांघेतील गाठी कधी काढल्या आहेत का, आणि त्या भागाला रेडिएशन घेतले आहे का. याचे उत्तर ‘होय’ असेल तर मसाजची वेळ आधी फिजिओथेरपिस्टकडे तपासणीसाठी वळवली जाते.